फिरंगी आणि फरासीस

फ्रान्सच्या लोकांसाठी मराठीत आज रूढ असलेले ‘फ्रेंच’ हे विशेषण इंग्रजीतून आले. मात्र त्याआधी मराठीत ‘फिरंगी’ आणि ‘फरासीस’ असे दोन शब्द नांदत होते. दोघांचेही मूळ ‘फ्रँक’ या जर्मानिक टोळीच्या नावात आहे. तिने पाचव्या शतकात गॉल प्रांतात राज्य स्थापिले आणि पुढे त्यावरून देशाला फ्रान्स हे नाव पडले. अकराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या धर्मयुद्धांत अरबांनी पश्चिम युरोपातून आलेल्या सर्वच ख्रिस्ती योद्ध्यांना ‘इफ्रंज’ म्हटले, आणि फारसीतल्या ‘फरंगी’च्या वाटेने तो शब्द ‘फिरंगी’ होऊन मराठीत आला.

कोकण किनाऱ्यावर मात्र तो पोर्तुगिजांना चिकटला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, आणि पुढली दोनशे वर्षे मुंबईजवळच्या माहुल-तुर्भ्याच्या खाडीकाठी राज्यकर्ता म्हणून जो युरोपीय दिसला तो हाच. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने उपदंशाला ‘फिरंग’ रोग म्हटले. युरोपातही पुष्कळांनी त्याला ‘फ्रेंच रोग’ असेच नाव दिले होते. लांब, सरळ, युरोपीय पात्याची तलवारही ‘फिरंग’च.

मग खऱ्या फ्रेंचाला काय म्हणावे? अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस आणि डिंगमार म्हणजे डेन अशी टोपीकरांची म्हणजे युरोपीयांची वेगवेगळी गणना केली आहे. परकीयांकडे इतक्या नेमकेपणाने पाहणारी ही दृष्टी खरोखर वाखाणण्याजोगी आहे. या ‘फरासीस’ शब्दाला पुढे कवायती फौजेचा आणि तोफखान्याचा वास लागला, कारण फ्रेंच सेनानी बुसीची निजामाकडील फौज मराठ्यांनी १७५१ पासून रणांगणात अनुभवली होती आणि त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फरासीस पुण्याच्या दरबारात आला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली.

‘फरासीस’ हा मराठी वळणाचा सुटसुटीत शब्द व्यवहारातून गेला, ही हानीच होय. ‘फिरंगी’चा अर्थ आता कोणताही गोरा असा सैल झाला आहे, परंतु चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेची पत्रे वाचताना तो अर्थ घेतल्यास घोटाळा होतो, कारण तेथील फिरंगी म्हणजे केवळ पोर्तुगीज.