उत्स्फूर्तता आणि सिद्धता

प्रवासात आणि रोजच्या जगण्यात उत्स्फूर्ततेला मोल काय, हा प्रश्न मी या स्मृतिव्याख्यानासाठी निवडला आहे. ज्या शाळेचा दिवस घंटेबरहुकूम चालतो, तिच्या व्यासपीठावरून उत्स्फूर्ततेचा गौरव करणे कोणाला विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु शिस्त आणि उत्स्फूर्तता ही परस्परांची वैरी आहेत, ही समजूतच मला येथे तपासून पाहावयाची आहे.

प्रथम उत्स्फूर्तता आणि लहर यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. लहर ही आपल्याच मनातून उठते व मनातच विरते. उत्स्फूर्तता हा समोर आलेल्या प्रसंगाला दिलेला प्रतिसाद होय. आपल्या सावरगाव-पांढुर्णा परिसरातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मृगापूर्वीच त्याची नांगरट-वखरणी झालेली असते, बी निवडून ठेवलेले असते, तिफण सज्ज असते. पेरणीचा दिवस मात्र तो आधी ठरवीत नाही. पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की तो एका सकाळी शेतात उतरतो. त्याचा निर्णय क्षणाचा असला तरी त्यामागील तयारी महिन्यांची असते.

हेच तत्त्व विनोबा भावे यांच्या चरित्रात मोठ्या प्रमाणावर दिसते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. दिसायला ही कृती आकस्मिक. परंतु आपली प्रमाणपत्रे त्याने त्यापूर्वीच चुलीत टाकली होती. त्याच्या मनात हिमालय होता, बंगालही होता. काशीत गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात तो अहमदाबादच्या आश्रमात पोहोचला. योजलेल्या दोन्ही दिशा सोडून तिसरीच वाट त्याने धरली.

दुसरा प्रसंग १९५१ चा. त्या वेळी वर्धा आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा, दोन्ही नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलनानंतर त्यांनी तेलंगणातील अशांत भागातून चालावयाचे ठरविले. जमिनीच्या प्रश्नावरून तेथे सशस्त्र संघर्ष पेटला होता आणि रक्त सांडत होते. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी दलित वस्तीत त्यांनी लोकांना काय हवे ते विचारले. चाळीस कुटुंबांसाठी ऐंशी एकर जमीन हवी, असे उत्तर आले. सरकारकडे अर्ज करू, असे विनोबा प्रथम म्हणाले. परंतु तेवढ्यावर न थांबता, सरकारकडून न मिळाल्यास गावातून कोणी देईल काय, असे त्यांनी जमलेल्या लोकांना विचारले. रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. भूदान चळवळीचा जन्म असा झाला. तेलंगणाच्या त्या पदयात्रेत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली.

मुक्कामाचे गाव ठरलेले होते, पण तेथे काय घडावे हे ठरविलेले नव्हते. पायी चालल्यामुळे माणसे भेटली, आणि समोरच्याचे ऐकून घेण्यास सवड होती म्हणून उत्तर मिळाले. ती सवड नसती तर तो अर्ज कार्यालयात गेला असता आणि विनोबा पुढच्या गावी.

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. पुढे १९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमीन मिळविण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली, हे थोडे नव्हे. पण तीतील बरीच नापीक होती वा वादात होती, आणि पुष्कळशी भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. यातून मी दोन बोध घेतो. उत्स्फूर्ततेला आकड्यांचे लक्ष्य लावता येत नाही. आणि उत्स्फूर्त दानानंतर मोजणी, कागदपत्रे, वाटप ही संथ कामे कोणी निष्ठेने केली नाहीत, तर दानाचे फळ गरिबाच्या पदरात पडत नाही.

आज आपल्या हातातील फोन मुक्कामाची खोली, वाटेतील वळणे आणि पोहोचण्याची वेळही आधीच सांगतो. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे वाट विचारण्याचा प्रसंग येत नाही, आणि वाट सांगणाऱ्याशी होणारे चार शब्दांचे बोलणेही घडत नाही. घरातही तेच. शाळा, शिकवणी, स्पर्धापरीक्षेचा वर्ग यांत मुलाचा दिवस इतका भरून जातो की, एखाद्या संध्याकाळी त्याने काही विलक्षण विचारले तर थांबून उत्तर देण्यास कोणाला वेळ नसतो. तो प्रश्न पुन्हा विचारला जाईलच, असे नाही.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. तयारी पूर्ण करावी, वेळापत्रक पाळावे. परंतु त्यात एक चौकोन रिकामा ठेवावा. प्रवासाला निघताना एक दिवस कोणालाही न दिलेला असावा. तो कशाने भरेल हे आधी कळत नाही, पण तो रिकामा नसला तर दाराशी आलेल्या माणसाला आपण परत पाठवू.