पाण्याखाली श्वास रोखू नका!

विहिरीत सूर मारताना तुम्ही आधी काय करता? छातीभर हवा घेता आणि पाण्यात शिरल्यावर ती रोखून धरता. मोती काढणारे पाणबुडेही पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. पण पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारणाऱ्याला, म्हणजे स्कूबा पाणबुड्याला, पहिल्याच दिवशी याच्या नेमके उलट बजावतात : श्वास कधीही रोखू नका. असे का?

थोडे गणित करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब एक वातावरण असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला त्यात सुमारे एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४ वातावरणे. तापमान कायम असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा बॉईलचा नियम तुम्हाला ठाऊक असेलच.

सूर मारणाऱ्याने वरून ६ लिटर हवा नेली, तर १० मीटरवर ती ३ लिटर होते; वर आला की पुन्हा ६. बिघडत काहीच नाही. टाकीवाल्याचे तसे नाही. त्याला हवा मिळते ती रेग्युलेटरमधून. कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली यशस्वी केलेली ही युक्ती, भोवतालच्या पाण्याचा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा तोंडात सोडते. नाहीतर पाण्याच्या भाराखाली छाती फुगवणेच अशक्य होईल. तेव्हा १० मीटरवरही त्याच्या फुप्फुसांत पूर्ण ६ लिटर हवा असते, आणि तीही दुप्पट दाबाची. ती कोंडून तो वर आला, तर तिला १२ लिटर जागा हवी! फुप्फुसे म्हणजे काही रबरी फुगे नव्हेत. ती फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत गेले तर प्राणावर बेतते.

आता ३० मीटरवरून २० मीटरवर येणाऱ्याचा हिशेब करा. ६ लिटरचे होतात ८. शेवटच्या १० मीटरांत मात्र ६ चे १२! खोल पाण्यापेक्षा उथळ पाणीच येथे दगा देते. छाती पूर्ण भरलेली असेल, तर एक-दीड मीटरवरून वर येतानाही इजा होऊ शकते. मालवणला हौसेने बुडी मारणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. टाकीतील हवा संपली आणि वर यावेच लागले, तर पाणबुडा वाटभर 'आऽऽ' म्हणत हवा सोडीत येतो. गाण्याच्या रियाजासारखेच की हे!

शिवाय घाई करून चालत नाही. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात व स्नायूंत विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की कसा फेस येतो? झटकन वर येणाऱ्याच्या शरीरात तसेच बुडबुडे सुटतात; सांधे ठणकतात, कधी अंग लुळे पडते. इंग्लंडमध्ये हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आजचे पाणबुडे मिनिटाला सुमारे ९ मीटर, त्याहून जलद नाही, अशा गतीने वर येतात आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात.

बुड्या आटोपल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये, असेही त्यांना सांगतात. उडत्या विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. मग कारण काय असेल, ते तुम्हीच शोधा.