ड्रिल व पेचकसाच्या बिटांसाठी आटोपशीर पेटी

कारागिराची मोठी हत्यारे सहसा हरवत नाहीत. करवत, रंधा, पटाशी ही हत्यारे नजरेत भरतात. काम संपले की ती आपोआप मोजली जातात. हरवतात ती बोटाच्या पेराएवढी हत्यारे : ड्रिलची बारीक पाती आणि पेचकसाची बदलती टोके, ज्यांना आज सर्वत्र ‘बिट’ म्हणतात. भुशात पडलेले किंवा खिशात राहून गेलेले तीन मिलिमीटरचे ड्रिल सापडत नाही, आणि ते नाही ही गोष्ट कळते ती मात्र दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाइकाच्या दारात. बिजागरीच्या स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडले नाही तर फळीची कड चिरते. म्हणून सुतार परत फिरतो. हरवलेल्या ड्रिलची किंमत थोडी असते. वाया गेलेल्या अर्ध्या दिवसाची मजुरी मोठी असते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे, आणि पात्र कारागिरास हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. संच मिळणे ही पहिली पायरी होय. तो पहिल्या पावसाळ्यानंतरही पुरा आणि निर्गंज राहणे ही दुसरी पायरी, व ती कारागिराच्या स्वतःच्या हाती आहे. त्या दृष्टीने सुताराला उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून स्वतःच करता येईल अशा एका छोट्या पेटीची रचना येथे दिली आहे.

कलघटगीचे उदाहरण

रचना ठरविताना धारवाड जिल्ह्यातील कलघटगी हे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कन्नडमध्ये पाळण्याला ‘तोट्टिलु’ म्हणतात, आणि कलघटगीचा रंगीत, चित्रांनी सजविलेला सागवानी तोट्टिलु घरात पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या मराठी वाचकांनाही हा परिसर परका नाही.

या गावाच्या निवडीस आणखी एक कारण आहे. कलघटगी मलनाड आणि मैदानी मुलूख यांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे हल्याळ व यल्लापूर भागांतील जंगले, तर पूर्वेकडे काळ्या मातीचा कोरडा प्रदेश. पावसाळ्यात हवा ओलीचिंब, तर चैत्र-वैशाखात कोरडी ठणठणीत. लाकूड आणि पोलाद या दोघांचीही अशा हवेत परीक्षा होते. महाराष्ट्रातील आजरा, चंदगड, तसेच लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेली सावंतवाडी येथील कारागिरांनाही ओल्या पावसाळ्याचा हा अनुभव आहे. जी पेटी कलघटगीस टिकेल ती या ठिकाणीही उपयोगी पडेल.

प्रथम हत्यारे मोजावीत

पुष्कळदा आधी डबा मिळवला जातो आणि मग त्यात हत्यारे कोंबली जातात. हा क्रम उलटा आहे. पेटीची मापे आतून बाहेर ठरवावयाची असतात. म्हणून प्रथम संच निश्चित करावा.

लाकूडकामास २, २.५, ३, ३.५, ४, ५, ६, ८ व १० मिमी अशी नऊ ड्रिल पुरतात. भिंतीत भोके पाडण्यासाठी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची ६ व ८ मिमीची दोन ड्रिल जोडीस घ्यावीत. एकूण अकरा झाली. मळसूत्री खाचांचे हे ड्रिल जुने आहे; अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज त्याच्या लांब्याही ठरीव आहेत. नेहमीच्या प्रकारातील २ मिमीचे ड्रिल ४९ मिमी, ५ मिमीचे ८६ मिमी, तर १० मिमीचे १३३ मिमी लांब असते. पेटीची लांबी ठरवणारा आकडा हाच : १३३. भिंतीची ड्रिलही यापेक्षा लांब घेऊ नयेत.

पेचकसाच्या बिटांचा दांडा षट्‌कोनी असतो व त्याच्या समोरासमोरच्या बाजूंतील अंतर ६.३५ मिमी, म्हणजे पाव इंच असते. जुन्या सुतारांच्या भाषेत हे दोन सूत झाले. मेट्रिक मापे रूढ होऊन इतकी वर्षे लोटली तरी हा दांडा दोन सुतांचाच राहिला आहे. येथे एक चूक हटकून होते. भोक ६.५ मिमीचे पाडले की बिट आत जात नाही, कारण षट्‌कोनाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर ७.३ मिमीहून थोडे अधिक भरते. म्हणून भोक ७.५ मिमीचे हवे. आखूड बिटाची लांबी २५ मिमी असते.

बिटांच्या दोन ओळी कराव्यात. पहिल्या ओळीत फुलीच्या खाचेची नऊ : साध्या फुलीची क्रमांक ०, १, २, २, ३ आणि दुहेरी फुलीची क्रमांक १, २, २, ३. क्रमांक दोन सर्वांत जास्त वापरला जातो व लवकर झिजतो, म्हणून तो दोनदा घेतला आहे. दुसऱ्या ओळीत सपाट टोकाची दोन, षट्‌कोनी ३, ४ व ५ मिमी, आणि तारकाकृती क्रमांक १५, २०, २५ व ३०.

पेटीचा आराखडा

पेटी पुस्तकासारखी उघडणारी, दोन पाखांची असावी. डाव्या पाखात ड्रिल, उजव्या पाखात बिटे.

डाव्या पाखात तळाशी सागवानी पट्टी बसते. तिची लांबी ११० मिमी, उंची २५ मिमी व जाडी १८ मिमी. या पट्टीत ओळीने अकरा भोके २० मिमी खोल पाडावीत. ४ मिमीपर्यंतच्या ड्रिलसाठी भोक ०.२ मिमीने मोठे, त्यापुढे अर्ध्या मिलिमीटरने मोठे ठेवावे. बारीक ड्रिलना कमी सैलपणा ठेवण्याचे कारण असे की, ३ मिमीच्या घरात ३.५ मिमीचे ड्रिल शिरता कामा नये. असे केले म्हणजे भोक हेच माप होते आणि चुकीचे ड्रिल चुकीच्या जागी जातच नाही.

सर्व भोकांची बेरीज ६२ मिमी होते. दोन भोकांमध्ये ३ मिमी लाकूड, असे दहा वेळा, म्हणजे ३० मिमी. दोन्ही टोकांस ९ मिमीप्रमाणे १८ मिमी. एकूण ११० मिमी. टोकांस जास्त लाकूड ठेवले आहे ते पट्टी फिरविणाऱ्या खिळीसाठी.

ही पट्टी फिरती हवी. ती पक्की बसवली तर ड्रिल वर ओढून काढण्यासाठी वीस मिलिमीटर जागा रिकामी ठेवावी लागेल व पेटी उगाच लांब होईल. म्हणून पट्टीची खालची कड ९ मिमी त्रिज्येने गोल करावी आणि तळापासून ९ मिमीवर दोन्ही टोकांस ३ मिमी जाडीची पितळी खिळी पाखाच्या भिंतीतून सात मिलिमीटर आत बसवावी. पट्टी पुढे ओढली की अकराही ड्रिल एकदम उभी राहतात. मागे ढकलली की आडवी होतात.

पट्टीखाली १ मिमी फट, भोकाखाली ५ मिमी लाकूड व १३३ मिमीचे ड्रिल मिळून १३९ मिमी होतात. वर पाच मिलिमीटर मोकळे ठेवून पाखाची आतील लांबी १४४ मिमी आणि रुंदी १११ मिमी घ्यावी.

उजव्या पाखात १४ मिमी जाडीच्या, १८ मिमी उंचीच्या दोन पक्क्या पट्ट्या येतात. प्रत्येकीत ११ मिमी अंतराने १३ मिमी खोल नऊ भोके. बिट वर ओढून काढण्याची जागा धरून प्रत्येक ओळीस ४६ मिमी लागतात. दोन ओळींचे ९२ झाले. उरलेल्या ५२ मिमीच्या खणात बिट धरणारा चुंबकी दांडा, दोन लांब बिटे व तेलाचे फडके राहते.

भिंती ८ मिमी व पाठ ४ मिमी प्लायवुडची धरल्यास, आणि डाव्या पाखाची आतील खोली २० मिमी व उजव्याची १५ मिमी ठेवल्यास, मिटलेली पेटी १६० × १२७ × ४३ मिमी होते. एका जाड पुस्तकाएवढ्या जागेत एकोणतीस हत्यारे, चुंबकी दांडा व जादा बिटे मावतात.

लाकडाची निवड व बांधणी

लाकूड आडव्या दिशेने फुगते व आकसते; रेषांच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही. म्हणून तिन्ही पट्ट्यांचे रेषे त्यांच्या लांबीतून गेले पाहिजेत. असे असेल तर पावसाळ्यातही फिरती पट्टी पाखात अडकत नाही आणि भोकांमधील अंतर कायम राहते.

सागवान कमी आकसते व त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्य असते, म्हणून ते या कामास उत्तम. मात्र त्याच तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी पृष्ठभाग नुकताच रंधलेला असावा. टॅनिन जास्त असलेले लाकूड टाळावे. ओलसर स्थितीत टॅनिन लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा डाग पडतो. हिरड्यापासून काळी शाई करीत ती याच क्रियेने. ओले लाकूड तर मुळीच वापरू नये. तुकडा सुकला की नाही हे पाहण्यास यंत्राची गरज नाही. आठवड्याच्या अंतराने तो तराजूत घालावा. वजन उतरायचे थांबले म्हणजे तुकडा कामास योग्य झाला.

भोके पाडताना पट्टी आधी रुंद व जाड ठेवावी, भोके झाल्यावर मापात कापावी व शेवटी कड गोल करावी. म्हणजे भोकाजवळचे पातळ लाकूड फुटत नाही. खोली सारखी यावी म्हणून ड्रिलला २० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळावी. पाखांचे कोपरे दातेरी सांध्याने जोडावेत. बिजागऱ्या, स्क्रू व कडी पितळेची घ्यावी.

पेटी उलटी झाली तरी हत्यारे भोकांतून निसटू नयेत यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी प्रत्येक लाकडी पट्टीच्या माथ्यावर चिकटवावी. बिटांसाठी तिला ६ मिमीची भोके पाडावीत. मोठ्या ड्रिलसाठी ड्रिलपेक्षा किंचित लहान, आणि बारीक ड्रिलसाठी नुसते आरीने टोचावे. रबर दांड्याला धरून ठेवते व हाताने ओढताच सोडते.

बाहेरून लाखेचे दोन-तीन हात द्यावेत. लेप पूर्ण वाळल्याशिवाय हत्यारे आत ठेवू नयेत.

पावसाळ्यातील काळजी

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने चढू लागतो, आणि हाताच्या घामातील मीठ त्यास मदत करते. बंद पेटी हा त्यावर पुरा उपाय नव्हे. ओले ड्रिल आत ठेवून पेटी मिटली तर ओल आतच कोंडते. काम संपल्यावर प्रत्येक ड्रिल फडक्याने कोरडे पुसावे, खाचेतील भुसा काढावा व यंत्रतेलाचा पुसट हात फिरवावा. स्वयंपाकाचे तेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होते व त्यावर धूळ बसते. उन्हाची उघडीप मिळेल त्या दिवशी पेटी उघडी करून सावलीत ठेवावी.

रिकामे भोक

या पेटीचा खरा उपयोग शेवटी सांगावयाचा आहे. प्रत्येक भोकाशेजारी तापलेल्या तारेने माप कोरावे. एका भोकात एकच हत्यार, हा नियम कधी मोडू नये; जादा बिटे खणात ठेवावीत, दुसऱ्याच्या घरात नव्हे. असे केल्यावर पेटी मिटण्यापूर्वी एक नजर टाकली की पुरे. सर्व भोके भरलेली असतील तर संच पुरा आहे. एखादे रिकामे असेल तर त्याशेजारचा आकडाच सांगतो की काय हरवले. आणि ते सांगतो तेव्हा आपण अजून कामाच्या जागीच असतो, भुसा अजून झाडलेला नसतो, दिवस मावळलेला नसतो. हरवलेली वस्तू सापडण्याची वेळ तीच असते.

सुट्या डब्यात हत्यारे जास्त मावतात, हे खरे. पण डबा काय आहे ते सांगतो. काय नाही ते सांगत नाही. सुतारकामाच्या प्रशिक्षण वर्गांतून शिकणाऱ्यांकडून पहिला अभ्यास म्हणून ही पेटी करवून घेता येईल. मोजमाप, सरळ भोक, रेषांची दिशा, सांधा आणि लेप हे पाचही धडे तिच्यात आहेत. आणि वर्ग संपल्यावर विद्यार्थी घरी जाताना आपल्या हाताने केलेले, आयुष्यभर कामास येणारे साधन बरोबर घेऊन जातो.