बाळाला चेहरा कळतो, जात नाही

वस्तीत बाळंतिणीला भेटायला गेलो की एक वाक्य हमखास कानावर येतं : "गोऱ्या मावशीकडे कसं हसत जातं, आणि सावळ्या काकाला बघून भोकाड पसरतं. त्यालाही रंग कळतो बघा!" सगळे हसतात. काका बिचारा मागे सरतो. आम्हाला काही हसू येत नाही.

तान्ह्या बाळाला वीतभर अंतरावरचंच बरं दिसतं. अंगावर पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्या अंतरावर असतो. म्हणून ते आधी तिला ओळखायला शिकतं.

डेव्हिड केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली गोऱ्या घरांतल्या बाळांना निरनिराळ्या वंशांच्या माणसांचे फोटो दाखवले. नुकत्या जन्मलेल्या बाळांनी सगळ्यांकडे सारखंच पाहिलं. तीन महिन्यांची बाळं मात्र गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत राहिली. मग हे रक्तातच असतं का? इस्राएलमध्ये इथिओपियातून आलेल्या कुटुंबांची बाळं तपासली गेली. ती रोज काळे-गोरे दोन्ही चेहरे बघत होती. तीन महिन्यांची झाली तरी त्यांनी कुणालाच झुकतं माप दिलं नाही. लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेली कोरियन मुलं तर मोठेपणी गोरे चेहरेच जास्त चांगले ओळखू लागली. म्हणजे हा सगळा सवयीचा मामला. जास्त वेळ बघणं म्हणजे दुसऱ्याचा तिटकारा नव्हे. तिटकारा घरातली मोठी माणसं शिकवतात.

आणि जात तर चेहऱ्यावर नसतेच. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चर्मकार यांच्यात वंशाचा कसला फरक आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच विचारलं होतं.

आता त्या काकाचं. तो वाळूजला कंपनीत रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. बाळाला तो दिसतोच कधी? त्यात सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतंच. काकाने एकदम उचलून घेऊ नये. बाळ आईच्या मांडीवर असताना शेजारी बसावं, बोलावं, रोज थोडा वेळ.

लसी वेळेवर झालेलं, मान धरणारं बाळ घेऊन गुलमंडीत गेलात, तर गर्दी कमी असताना पदर थोडा बाजूला करा. बुरख्यातली खाला, नऊवारीतली आजी, फेटेवाले बाबा, सगळे दिसू द्या त्याला. गोरं व्हावं म्हणून बेसन-हळद मात्र चोळू नका. रंग बदलत नाही, नाजूक कातडीवर पुरळ उठतं. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं.

तीन महिने झाले तरी बाळ तोंडाकडे बघत नसेल, हसत नसेल, नजर फिरवत नसेल, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांना दाखवा. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं, तर त्याच दिवशी घाटी गाठा.