हातवारे आणि मानापमान

मराठी भाषेने हाताला फार बोलके करून ठेवले आहे. आपण विनंती करताना हात जोडतो, जबाबदारी टाळताना हात झटकतो, असमर्थता दर्शविताना हात वर करतो आणि माहीत असूनही नाही म्हणायचे असेल तर कानांवर हात ठेवतो. आज हे वाक्प्रचार झाले असले तरी मुळात ते हातवारेच होत. जो समाज हाताशी इतका बोलतो, त्याने हाताच्या भाषेचा थोडा विचार करावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

परक्या मुलुखात जाताना आपण दुभाषा शोधतो, चार शब्द शिकून घेतो. आपली मराठी अथेन्सच्या बाजारात कोणास समजेल, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. परंतु शब्द अडले की आपण निःशंकपणे हात पुढे करतो. कारण हाताची भाषा सर्व जगात एकच, असा आपला समज असतो. हा समज अर्धा खरा आहे. हातवारे दोन जातींचे असतात. काही अनुकरणाचे: ओंजळ ओठांशी नेली की तहान लागल्याचे कोणासही कळते. काही मात्र संकेताचे असतात. त्यांचा अर्थ हाताच्या आकारात नसतो. तो समाजाने ठरविलेला असतो, आणि समाज बदलला की तोही बदलतो. मानापमानाचे बहुतेक हातवारे या दुसऱ्या जातीचे आहेत, आणि नेमके तेथेच आपण फसतो.

उदाहरणार्थ, उघडा तळहात घ्या. बुद्धाच्या आणि आपल्या देवदेवतांच्या मूर्तींत उजवा तळहात भक्ताकडे केलेला असतो. तिला आपण अभयमुद्रा म्हणतो. ‘भिऊ नकोस’ हा तिचा अर्थ. पण हाच तळहात, पाचही बोटे फाकवून, ग्रीस देशात एखाद्याच्या तोंडासमोर धरला तर तो त्याचा घोर अपमान होतो. या हातवाऱ्यास तेथे ‘मुंद्झा’ म्हणतात. त्याचे मूळ बायझंटाईन साम्राज्याच्या काळातील शिक्षेशी जोडले जाते. अपराध्यास गाढवावर उलटे बसवून गावातून फिरवीत आणि त्याच्या तोंडाला काजळी फाशीत. ती फासणारा हात म्हणजे हा तळहात. गाढवावरून धिंड काढणे आणि तोंडाला काळे फासणे हे दोन्ही वाक्प्रचार ज्यांच्या भाषेत आजही जिवंत आहेत, त्यांना या अपमानाची धार समजावून सांगण्याची गरज नाही. २०११ साली आर्थिक संकटाच्या दिवसांत अथेन्समधील संसदेसमोर जमलेल्या जमावाने शेकडो तळहात संसदेकडे रोखले, ते याच अर्थाने. म्हणून ग्रीक दुकानदाराला ‘पाच’ असे हाताने सांगायचे झाल्यास तळहात आपल्याकडे वळवावा, हे बरे.

तळहात कोणाकडे वळला आहे, एवढ्यावरून अर्थ कसा उलटतो याचे दुसरे उदाहरण इंग्रजांचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जममधील लोकांना धीर देण्यासाठी व्हिक्टर द लाव्हले या बेल्जियन पुढाऱ्याने १४ जानेवारी १९४१ रोजी लंडनहून नभोवाणीवर ‘व्ही’ हे अक्षर खूण म्हणून सुचविले. फ्रेंच भाषेतील विजय आणि फ्लेमिश भाषेतील स्वातंत्र्य हे दोन्ही शब्द याच अक्षराने सुरू होतात. पुढे चर्चिलसाहेबांनी दोन बोटांची ती खूण जगप्रसिद्ध केली. परंतु त्यांच्या सुरुवातीच्या काही छायाचित्रांत हाताची पाठ लोकांकडे वळलेली दिसते, आणि इंग्लंडात त्या बाजूने दाखविलेली दोन बोटे ही शिवी आहे. ऑस्ट्रेलियातही तसेच. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश कॅनबेरा येथे गेले असता त्यांनी मोटारीतून, निदर्शने करणाऱ्या शेतकऱ्यांच्या दिशेने, ही खूण नेमकी पालथ्या हाताने केली. सदिच्छा म्हणून केलेल्या त्या खुणेचा तेथे व्हायचा तोच अर्थ झाला.

या शिवीच्या उगमाची एक कथा सांगतात. १४१५ च्या अ‍ॅजिंकोर्टच्या लढाईत फ्रेंच लोक पकडलेल्या इंग्रज तिरंदाजांची बोटे तोडण्याची धमकी देत, म्हणून तिरंदाजांनी ती बोटे नाचवून दाखविली, अशी ती कथा. कथा चटकदार आहे. पण तिला समकालीन पुरावा नाही. हातवाऱ्यांच्या उगमाच्या गोष्टी ऐकताना ही सावधगिरी ठेवावी. खूण जुनी असते, गोष्ट पुष्कळदा नवी असते.

बुश यांच्या प्रसंगात अपमानाचा हेतू नव्हता. तरी अपमान झाला. याच्या नेमकी उलट घटना १९६८ सालची आहे. २३ जानेवारी रोजी उत्तर कोरियाने ‘प्वेब्लो’ हे अमेरिकेचे हेरगिरीचे जहाज पकडले. एक खलाशी मारला गेला आणि ८२ जण कैदेत पडले. कैदी सुखात आहेत हे जगाला दाखविण्यासाठी त्यांची छायाचित्रे काढण्यात आली. त्यांत काही खलाशांनी मुद्दाम मधले बोट पुढे काढले. रोमन लोक या बोटास ‘निर्लज्ज बोट’ म्हणत, इतकी ही शिवी जुनी. पहारेकऱ्यांनी विचारले तेव्हा खलाशांनी सांगितले की ही हवाई बेटांतील शुभचिन्हाची खूण आहे. त्यांना ते पटले, आणि छायाचित्रे जगभर गेली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या बोटाचा खरा अर्थ छापला. ती बातमी कोरियन अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्यावर कैद्यांना अमानुष मारहाण झाली. २३ डिसेंबरला त्यांची सुटका झाली, ती अकरा महिन्यांनंतर.

या घटनेकडे नीट पाहावे. छायाचित्र तेच, बोट तेच, हेतूही तोच. कालपर्यंत शुभचिन्ह असलेली गोष्ट आज शिवी झाली, ती केवळ पाहणाऱ्याच्या ज्ञानात एका वाक्याची भर पडल्यामुळे. तात्पर्य, पुरता अपमान घडण्यास दोन गोष्टी लागतात: करणाऱ्याचा हेतू आणि दोघांनाही ठाऊक असलेला संकेत. ग्रीक मुंद्झामध्ये दोन्ही असतात. कॅनबेऱ्यात संकेत होता, हेतू नव्हता. प्वेब्लोवर हेतू होता, संकेत उमगलेला नव्हता. संतापलेला मनुष्य मात्र हा भेद करीत नाही. त्याला फक्त हात दिसतो.

आपल्या घरीही हे घडते. मराठीत अंगठा देणे म्हणजे संमती देणे, आणि अंगठा अथवा ठेंगा दाखविणे म्हणजे धुडकावून लावणे. एकाच बोटाने आपण दोन्ही कामे करतो. इराणात उंचावलेला अंगठा परंपरेने अपमानकारक. आपल्याकडे तो आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसातून दहादा शाबासकी म्हणून उमटतो. एखाद्या वृद्ध आजोबांना नातवाने पाठविलेला तो अंगठा ठेंगा वाटला, तर चूक कोणाची म्हणावी? पालथा हात तोंडावर मारून शिमग्याला बोंब मारली तर सण साजरा होतो. तीच इतर दिवशी दारात मारली तर अभद्र ठरते. तेथे दिवस बदलला की अर्थ बदलतो. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात डाव्या हाताने वाट दाखविणेही अशिष्ट समजतात. आपल्याकडे डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत. या संकेतापायी आपल्या किती डावखुऱ्या मुलांनी हातावर फटके खाल्ले असतील! त्या मुलाच्या मनात अवमान नव्हता. पण आपण हात पाहिला, मूल पाहिले नाही.

कायद्याने या बाबतीत अधिक विवेक दाखविला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांबरोबर हावभावही गुन्हा ठरविला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ७९ मध्ये आहे. दोन्हीकडे अट एकच: हावभावामागे अपमान करण्याचा उद्देश असला पाहिजे. नुसता हात हलला म्हणून गुन्हा होत नाही. आणि उलटपक्षी, उद्देश असेल तर ‘मी फक्त हात हलविला’ ही सबब चालत नाही.

आज महाराष्ट्रातील माणूस आखातात नोकरीस जातो, परदेशी जहाजावर चढतो. परप्रांतातील माणूस आपल्या गिरणगावात, शेतावर आणि बांधकामावर येतो. ज्यांची भाषा जुळत नाही त्यांचा पहिला व्यवहार हातानेच होतो. अशा वेळी पाहुण्याचे कर्तव्य हे की त्याने आधी चार दिवस यजमानांचे हात पाहावे. बोलाविताना, मोजताना, नाही म्हणताना ते काय करतात हे ध्यानात घ्यावे, आणि तोवर स्वतःचे हात आवरावे. आणि यजमानाचे कर्तव्य हे की परक्याचा हात खटकला तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, आणि शंका राहिली तर विचारावे. आमच्या मते दुसरे कर्तव्य अधिक अवघड आहे. कारण पाहुण्याला आपण परके आहोत याची जाणीव असते, यजमानाला मात्र आपलाच संकेत हा जगाचा नियम वाटत असतो.