आक्कांचे ऑर्किड

आमच्या शेजारच्या आक्का धारवाडला मुलाकडे राहायला गेल्या, त्याला आता दोन वर्षे होतील. आमच्या आणि त्यांच्या परसात कमरेएवढी एकच भिंत. त्या भिंतीवरून अठरा वर्षे आमटीच्या वाट्या, सणाच्या होळिगे, कढीलिंब आणि दोन्ही भाषांतल्या गप्पा ये-जा करत होत्या. घर विकायचे ठरले तेव्हा आक्कांनी आपले जांभळ्या फुलांचे ऑर्किड माझ्या हवाली केले. "फ्लॅटात एवढं मोठं कुठं ठेवू गं तंगी? तुझ्याकडंच राहू दे. मला त्याचा एक कंदु तेवढा दे," म्हणाल्या.

कन्नडमध्ये केळीच्या मुनव्याला कंदु म्हणतात आणि लेकराला लाडाने कंद. ऑर्किडच्या खोडावर फुटणाऱ्या पिलाला जगभरचे बागप्रेमी 'केकी' म्हणतात. तो हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द. अर्थ पुन्हा लेकरूच.

आक्कांचे झाड डेंड्रोबियम जातीचे. त्याचे खोड बारीक उसासारखे, पेरापेरांचे. वरच्या एका पेरावर पिलू फुटलेले होते. दोन इवली पाने आणि खाली मुळांच्या जागी नुसते हिरवट ठिपके. आक्का म्हणाल्या, "अवसर माडब्याड. नंतर दे." पण त्यांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? टेम्पो दारात उभा असताना मी ते पिलू कापले, कुंडीत खोचले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

महिन्याभरात आक्कांचा फोन आला. "रोज पाणी घालत होते की गं. तरी वाळलं. माझ्याच हातून काहीतरी चुकलं बघ." मी "असू दे आक्का, दुसरं देईन" एवढेच म्हणाले. पुढे बोलायचे धैर्य झाले नाही.

चूक कुणाची, ते मला नंतर पुस्तके चाळल्यावर नीट कळले. पिलाला स्वतःची मुळे नसतात तोवर त्याचे अन्नपाणी आईच्या खोडातूनच येते. कापल्यावर ती वाट बंद होते. पानांतून ओलावा उडत राहतो आणि कुंडीत कितीही पाणी घातले तरी ते ओढून घ्यायला मूळच नसते. आक्कांनी घागरभर पाणी घातले असते तरी ते रोप वाचणार नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मूळ झाडावर दुसरे पिलू दिसले. थंडीत काही डेंड्रोबियम विश्रांती घेतात; तेव्हा खतपाणी चालूच ठेवले तर फुलाच्या डोळ्यातून फुलाऐवजी पिलू फुटते. आईची मुळे कुजू लागली तरीही असे होते. म्हणून पिलू दिसले की आनंदाबरोबर एकदा कुंडीत डोकावून मुळेही पाहावीत. आणि पाने गळालेले जुने खोड वाळले समजून कापू नये. त्यात पाण्याचा आणि अन्नाचा साठा असतो, पुष्कळदा पिलू त्याच्यावरच येते.

या वेळी मी सात महिने थांबले. पिलाला किमान तीन मुळे हवीत आणि ती दोन इंच तरी लांब हवीत, हा हिशेब. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, हवेत ओलावा आला तेव्हा कापायला घेतले. ब्लेड मेणबत्तीवर तापवून थंड केले. पिलाच्या दोन्ही बाजूंना आईच्या खोडाचा अर्धा-अर्धा इंच तुकडा ठेवून कापले. दोन्हीकडच्या जखमांवर दालचिनीची पूड लावली. ही पूड मुळांना लागू द्यायची नाही, मुळे सुकतात. मग मुळे दहा मिनिटे पाण्यात ठेवली, म्हणजे ती लवचीक होतात आणि कुंडीत बसवताना मोडत नाहीत.

कुंडी चार इंचांची, मातीची, बाजूला भोके असलेली. तिच्यात विटेचे तुकडे, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. माती अजिबात नाही. खानापूरकडच्या जंगलात किंवा चोर्ला घाटात झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी आपण पाहिलेली असते. कन्नडमध्ये तिला सीताळे दंडे म्हणतात. तीही ऑर्किडच. ती झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेते आणि तिची मुळे वाऱ्यापावसात मोकळी असतात. डेंड्रोबियमही त्याच वळणाचे. मातीत घातले की मुळे गुदमरून कुजतात. (जंगलातली वेणी मात्र कुणी उपटून आणू नये. ती तिथेच शोभते.)

पिलाचा बुंधा तुकड्यांच्या वर राहील असे ते बसवले आणि हलू नये म्हणून काडीला सैल दोऱ्याने बांधले. रोप हलत राहिले की मुळांची नवी टोके मोडतात. दोन दिवस पाणी नाही. मग सकाळी फवारा, आणि मुळे चंदेरी दिसली तरच पाणी. ओली मुळे हिरवी दिसतात, सुकली की चंदेरी होतात, झाडच सांगते. जागा उजेडाची पण उन्हाची नको. नवे मूळ फुटेपर्यंत खताचे नाव काढायचे नाही.

तीन आठवड्यांनी नव्या मुळाचे हिरवे टोक दिसले. कुंडी मांडीवर घेऊन मी धारवाडची बस धरली.

आक्कांच्या गॅलरीत ऊन छान येत होते, पण तुळशीशिवाय एकही रोप नव्हते. कोपऱ्यात मी दिलेली ती पहिली कुंडी धुऊन पालथी घातलेली. ज्यांच्या परसात अबोलीपासून अळूपर्यंत सगळे होते, त्यांची ही गॅलरी. मी सगळे सांगितले. पिलू कच्चे होते, मीच घाईने कापले होते.

आक्का बराच वेळ कुंडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग वर्षभर का नाही सांगितलंस? मला वाटलं, या घरात माझ्या हाताला काही येत नाही. म्हणून काही लावलंच नाही बघ."

माझ्याकडे उत्तर नव्हते. रोप वाळल्याचे मला वाईट वाटले होते. पण माझ्या गप्प राहण्याने त्यांची एक वर्षाची बाग गेली, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

येताना बसमध्ये 'अवसर' हा शब्द मनात घोळत राहिला. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई; मराठीत अवसर म्हणजे सवड, संधी. दोन भाषांच्या घरांत वावरताना असे शब्द रोज भेटतात आणि आपण हसून सोडून देतो. पहिल्या पिलाला मी कन्नड अवसर दिला, दुसऱ्याला मराठी.

परवा आक्कांचा फोन होता. रोपाला नवे खोड फुटले आहे, फूल अजून नाही. गॅलरीत आता शेवंती आणि पुदिनाही आहे. फुलाचे विचारले तर म्हणाल्या, "येईल की. अवसर माडब्याड."