मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका

भिलाई स्टील प्लँटची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या काळात इथे नोकरीला लागलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांची मुलंही निवृत्त झाली आहेत. डोळ्यांविषयीचे काही समज मात्र दोन्ही पिढ्यांत तेच आहेत.

‘मोतीबिंदू भट्टीवर काम करणाऱ्यांनाच होतो.’ वर्षानुवर्षं तापलेल्या धातूसमोर उभं राहिल्याने, त्यातल्या अवरक्त किरणांमुळे तो होऊ शकतो, हे खरं. पण मुख्य कारण वयच. ज्या गृहिणीने आयुष्यात भट्टी पाहिली नाही, तिलाही तो होतो. मधुमेह, तंबाखू आणि स्टिरॉइडची औषधं त्याला हातभार लावतात.

‘आधी पिकू द्या, मग काढू.’ सगळ्यांत जास्त नुकसान या समजाने होतं. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत हा सल्ला दिला जाई. आता फेको पद्धतीत ध्वनिलहरींनी डोळ्यातलं धुरकट भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेतात. फार पिकलेलं भिंग कडक, तपकिरी होतं आणि ते फोडणं अवघड जातं. कधी ते फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब वाढवतं. रोजची कामं अडू लागली की शस्त्रक्रिया करावी. भिलाईच्या रणरणत्या उन्हाळ्यातही ती करता येते, थंडीची वाट पाहायचं कारण नाही. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

‘आजोबांना आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, नजर सुधारली!’ घरात याचा आनंद होतो. प्रत्यक्षात मोतीबिंदूने भिंग घट्ट होऊन जवळचा नंबर तात्पुरता बदललेला असतो. त्याच आजोबांना रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू येत नाही. अशा वेळी तपासणीच करायला हवी.

‘कमी दिसतंय म्हणजे मोतीबिंदूच.’ तसंच असेल असं नाही, काचबिंदूही असू शकतो. तो मुकाट्याने वाढतो. बहुतेकांना दुखत नाही, कडेची नजर आधी जाते आणि समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही; औषधाने उरलेली वाचवता येते.

म्हणून भिलाईत सेक्टर ९ च्या रुग्णालयात जा किंवा बाहेरच्या डॉक्टरांकडे, नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. डोळ्याचा दाब मोजून घ्या, बाहुली मोठी करून मागची नस आणि पडदा दाखवा. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीतच ही तपासणी करून घ्या.